माघ-फाल्गुनात गळ टाकायचा, तर कोणत्या तळ्यावर?



या पानावर मी एरवी बेणे, खते, हुमणी आणि खोडव्याची निगा यांबद्दल लिहीत असतो. यावेळी विषय जरा वेगळा घेतला आहे. सुरू उसाच्या लागणी उरकत आल्या, ज्वारीला हुरडा धरून गेला, की गटात फिरताना एक प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, तळ्याला पाणी हाय, मासं बी दिसत्यात, पण गळाला लागंनात. काय कारण असंल?" विचारणारे कधी शाळकरी पोर असते, तर कधी चांगला जाणता सभासद. दर वेळी बांधावर उभे राहून अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा व्यवस्थित लिहावे असे वाटले.

माळकरी सभासदांनी पान उलटू नये. शेततळे तुमच्याकडेही आहे आणि तळ्यावर जाणारी पोरे तुमच्याही घरात आहेत. शेवटचा भाग खास त्यांच्यासाठी आहे.

उसाचा डोळा आणि तळ्यातला मासा

आपणा सर्वांना ठाऊक आहे की कडाक्याच्या थंडीत लावलेली कांडी लवकर उगवत नाही. जमिनीचे तपमान २० अंश सेल्सिअसच्या खाली असले की डोळा मुका बसतो. तेच तपमान २७ ते ३२ अंशांच्या दरम्यान गेले की कोंब जोमाने बाहेर पडतात. कांडी तीच, जमीन तीच, पाणी तेच. फरक केवळ उबेचा.

माशाचेही अगदी तसेच आहे. आपल्या अंगात देवाने चूल पेटवून ठेवली आहे. बाहेर थंडी पडो की ऊन, आपले अंग गरमच राहते. माशाच्या अंगात ही चूल नाही. पाण्याचे जे तपमान, तेच त्याच्या अंगाचे. पाणी गार झाले की त्याचे पचन मंदावते, भूक मरते आणि तो खोल जागी जाऊन स्वस्थ पडून राहतो. रोहू, कटला, मृगळ हे आपल्याकडचे मुख्य मासे २५ ते ३० अंशांच्या पाण्यात चांगले खातात व वाढतात. २० अंशांच्या खाली ते खाण्याकडे फारसे बघत नाहीत. त्यांच्या तोंडापुढे पेंडेचा गोळा सोडला तरी हलत नाहीत.

सबब पहिला नियम असा लक्षात ठेवावा : ज्या गारठ्यात उसाचा डोळा फुटत नाही, त्या गारठ्यात मासा गळाला लागत नाही.

आता यातून दुसरी गोष्ट निघते. पातेलीभर पाणी चुलीवर ठेवले तर चटकन तापते. गुऱ्हाळाची काहील तापवायला जळण किती लागते, हे चुलवाणावर बसणाऱ्याला विचारा. तळ्यांचेही तेच. उथळ व लहान तळे माघाच्या उन्हाने आठ-दहा दिवसांत ऊब धरते. मोठा प्रकल्प मात्र फाल्गुन उलटेपर्यंत गारच राहतो. म्हणून वसंताच्या सुरुवातीला पाणी निवडायचे ते लहान आणि उथळ. जसजशी उन्हे चढतील, तसतसे मोठ्या पाण्याकडे सरकायचे. बहुतेक लोक नेमके याच्या उलट करतात आणि मग नशिबाला बोल लावतात.

माझी फजिती

मीही तेच केले होते. नोकरीत नवीन होतो. एका माघातल्या रविवारी काठी, गळ, गांडुळे आणि भाकरी बांधून मोठ्या प्रकल्पाच्या भिंतीजवळ जाऊन बसलो. मोठे पाणी तिथे मोठे मासे, असा माझा हिशेब. सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत भेंड जरासुद्धा हलले नाही. जवळच एक म्हातारे भोईमामा जाळे विणीत बसले होते. शेवटी त्यांनाच माझी दया आली. म्हणाले, "साहेब, पाणी अजून गार हाय. मासा खाली बसलाय, त्येला भूक न्हाई. तुमी उगं गांडुळं बुडवून मारताय. त्या वरल्या पाझर तलावाकडं जावा."

गेलो. तिथे गुडघाभर पाण्याच्या कडेला दोन पोरे ज्वारीच्या ताटाचे भेंड बांधून बसली होती आणि त्यांच्या दोरीत सात-आठ चिलाप्या ओवलेल्या होत्या. शेतकी पदविकेत जमिनीचे तपमान मी पाठ केले होते, पण ते पाण्याला लावून पाहण्याची अक्कल भोईमामांनी दिली.

या विद्येला आपल्या भागात परंपराही जुनी आहे. कल्याणी (आजचे बसवकल्याण) येथे राज्य करणाऱ्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात 'मत्स्यविनोद' म्हणून प्रकरण आहे व माशांच्या जाती, त्यांना घालायचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याची रीत यांचे वर्णन आहे. म्हणजे जो विषय राजाने लिहायला कमी मानला नाही, तो आपणही थट्टेवारी नेऊ नये.

आपल्याकडची पाणी चार प्रकारची

परंडा तालुक्यात पाण्याची ठिकाणे कमी नाहीत, परंतु सगळी एका मापाची नाहीत. त्यांचे चार गट करावेत.

१) शेततळी. २०१६ सालच्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर गावोगाव ती झाली. आकार लहान, खोली बहुधा तीन मीटर. ती लवकर तापतात, पण रात्री थंडी पडली की लवकर निवतातही. मासे सोडलेले असतील तर माघाच्या उत्तरार्धात दुपारी ते वर येऊ लागतात.

२) पाझर तलाव व गावतळी. वसंतारंभीची पहिली पसंती यांनाच. पाणी पसरट, कडा उथळ, तळाशी काळी माती आणि कडेने पाणवनस्पती. महत्त्वाचे म्हणजे यातली बरीच चैत्र-वैशाखात आटतात. तेथला मासा आज काढला नाही, तर पुढे तो बगळ्यांच्या आणि उन्हाच्या वाट्याला जातो.

३) नदीचे डोह आणि कोल्हापुरी बंधाऱ्यांमागचे पाणी. सीनेचे व चांदणीचे डोह यात येतात. वाहते पाणी थांबले की डोह हळूहळू तापतात. फाल्गुनाच्या मध्यापासून हे चांगले. मात्र डोहाची खोली अंदाजाने सांगता येत नाही आणि वाळू उपसलेल्या जागी तर मुळीच नाही.

४) मोठे व मध्यम प्रकल्प. सीना-कोळेगाव, खासापुरी, चांदणी, साकत ही यातली नावे. यांचे पाणी सर्वांत शेवटी तापते. येथे चैत्राशिवाय घाई करू नये. मोठा रोहू-कटला येथेच असतो, पण तो आपल्या वेळेला येतो.

तळे ठरले, आता बाजू ठरवा

एका तळ्यातही सगळे पाणी सारखे नसते. माघात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे दक्षिणेकडच्या उंच भरावाची वा झाडांची सावली पाण्यावर पडते. ती बाजू सोडावी व उत्तरेच्या काठाचे उघड्या उन्हातले पाणी धरावे.

दुसरे, वारा पाहावा. ऊन लागून वरचा थर कोमट होतो व वारा तो थर ढकलत समोरच्या काठाला नेतो. वाऱ्याबरोबर बारीक किडे आणि शेवाळही तिकडेच जमते. वारा ज्या काठाला लाटा मारतो, त्या काठाला बसावे. तोंडावर वारा घेऊन बसणे सुखाचे नाही, पण मासा तिकडेच असतो.

तिसरे, ओढा जिथे तळ्याला मिळतो, त्या पसरट शेपटाकडे पाणी उथळ असते व ते आधी तापते. पण तिथेच गाळही असतो. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

वेळेचेही तेच. माघात पहाटे उठून धावण्याचे काम नाही. अकरा ते चार हीच वेळ. चैत्र लागला की मग मात्र सकाळ-संध्याकाळ धरावी. थंडीची लाट येऊन गेली असेल तर दोन-तीन दिवस उन्हाचे जाऊ द्यावेत.

ज्याला अंदाजावर भागवायचे नसेल त्याने साधा तपमापक घ्यावा. दुपारी तीन वाजता हातभर खोल पाण्यात दोन मिनिटे धरावा. २२ अंशांच्या पुढे आकडा गेला की त्या पाण्यावर बसायला हरकत नाही. २५ झाला तर घरी मसाला वाटायला सांगून निघावे! ऊस तोडायच्या आधी आपण ब्रिक्स पाहतो की नाही? मग गळ टाकायच्या आधी पाणी पाहण्यात कमीपणा कसला?

कोणता मासा केव्हा

चिलापी १९५२ साली बाहेरून आपल्या देशात आली आणि आज तळ्यातळ्यात आहे. ऊब लागली की ती प्रथम कडेला येते. गांडूळ किंवा कणकेची गोळी तिला पुरते. ती कितीही काढली तरी तळ्याचे नुकसान नाही, कारण तिची पैदास फार व ती इतर माशांचे खाद्य खाते.

सायप्रिनस थंडी बरी सोसतो. तो साधारण जानेवारी ते मार्च या काळात साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो. त्याची चिकट अंडी पाणगवताला लागतात. कडेच्या गवतात सकाळी मोठी खळबळ दिसली तर बहुधा तोच असतो. पोट फुगलेली मादी गळाला आली तर परत सोडावी. बेण्याचा ऊस कारखान्याला घालत नाही, तसेच हे.

मरळ हवेतला श्वास घेते, म्हणून मधून मधून वर येते. वनस्पतींच्या दाटीत ऊन वाढल्यावर सापडते. पिलांचा थवा घेऊन फिरणारी मरळ धरू नये. ती धरली की थवा इतर माशांच्या तोंडी जातो.

रोहू, कटला, मृगळ यांची गोष्ट निराळी. हे साचलेल्या तळ्यात विणत नाहीत, त्यांना पावसाळ्यातले वाहते पाणी लागते. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरी व अलिकुन्ही यांनी सुई टोचून या माशांची पैदास करण्याची रीत यशस्वी केली. तेव्हापासून या माशांचे बीज हवे तेवढे तयार होऊ लागले. म्हणजे तळ्यातला रोहू बहुधा कोणीतरी पैसे खर्चून सोडलेला असतो, हे ध्यानात घ्यावे.

मासा कोणाचा?

त्यावरून एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कोणी राग मानू नये. शासनाच्या तलावांतील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छिमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्थेचे सभासद वर्गणी काढून बोटुकली आणतात, पावसाळ्यात सोडतात आणि वर्षभर राखतात. आपण रात्री जाळे टाकून चार पाट्या मासे आणले, तर ती चोरीच होय. आपल्या फडातून कोणी रात्री मोळ्या उचलून नेल्या तर आपल्याला चालेल का? तीही संस्था सहकारी आहे आणि तेही आपल्यासारखेच भागधारक आहेत. तेव्हा तलावावर बसण्यापूर्वी ठेका कोणाचा आहे हे विचारावे व परवानगी घ्यावी. हौसेच्या एका गळाला सहसा कोणी नाही म्हणत नाही. न विचारता टाकलेल्या जाळ्यावरून मात्र भांडणे होतात.

सुरुंगाची दारू किंवा विष टाकून मासे मारणे हा १८९७ च्या मत्स्य कायद्यानेच गुन्हा ठरविला आहे. त्यात अंडी, पिले, खेकडे सगळेच मरते, आणि तेच पाणी पुढे जनावरे पितात.

ज्या पाण्यावर बसू नये ते

सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करीत असतील, तर ते भुकेने नव्हे. पाण्यातला प्राणवायू संपत आल्याची ती खूण आहे. अशा वेळी गळ गुंडाळून ठेवावा. शेततळे आपले असेल तर पंप लावून ताजे पाणी वरून पडेल असे सोडावे. पाण्यात कोपरापर्यंत हात घालून पाहावे. मनगट बुडण्याआधीच तळवा दिसेनासा झाला व पाणी गर्द हिरवे असेल, तर शेवाळ जास्त झाले असे समजावे व शेणखत घालणे थांबवावे.

दुसरे, फवारणीचा पंप. हुमणी-वाळवीसाठी आपण वापरतो ते क्लोरपायरिफॉस आणि फवारणीतले सायपरमेथ्रीन ही दोन्ही माशांना अतिशय जहाल आहेत. एका सभासदाच्या गड्याने फवारा मारून पंप शेततळ्यातच विसळला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे तळे पांढरे झालेले! मासे पोट वर करून तरंगत होते. वर्षाची मेहनत एका विसळण्यात गेली. असे मेलेले मासे खाऊ नयेत, कोंबड्यांनाही घालू नयेत, लांब खड्ड्यात पुरावेत.

तिसरे, ज्या ओढ्यात सांडपाणी उतरते ते पाणी, मग ते गावच्या गटाराचे असो वा कारखान्याच्या मळीचे. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. काळसर रंग आणि आंबूस वास आला की तेथून उठावे. आणि कारखान्याकडून असे पाणी येत आहे असे दिसल्यास गट कार्यालयात लगेच कळवावे. लपवून कोणाचेच भले नाही.

गाळ आणि कागद

आता मुख्य सूचना. मासा न मिळाला तर भाजीवर भागते, परंतु माणूस गेला तर भागत नाही.

काही वर्षांपूर्वी फाल्गुनात एका तलावाच्या शेपटाकडे मी पाण्यात उतरलो. वरून वाळलेली भेगाळ जमीन दिसत होती. चार पावले गेलो आणि मांडीपर्यंत गाळात रुतलो. जेवढा जोर करावा तेवढा आत. जवळ शेळ्या राखणारे एक आजोबा होते म्हणून वाचलो. त्यांनी ओरडून सांगितले, "हलू नगा, आडवं व्हा!" आणि आपला पटका फेकला. मी पोटावर पडून, पटका धरून सरपटत बाहेर आलो. एक चप्पल अजून त्या तलावात आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला जो महापूर आला, तो आपण विसरलेलो नाही. अशा पुराने नदीकाठाला आणि तलावांत नवा गाळ येऊन बसतो व जुने ओळखीचे उतार बदलतात. सबब "मी लहानपणापासून इथे पोहतोय" हे म्हणणे पुरानंतर उपयोगाचे नाही. काठीने चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नये.

शेततळ्याचा धोका याहून मोठा आहे. त्याच्या बाजूंना प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. ओला कागद शेवाळाने इतका निसरडा होतो, की चांगला पोहणारा गडीही वर चढू शकत नाही. पाय घसरतो, हात घसरतो, दमून माणूस खाली जातो. म्हणून ज्यांचे शेततळे आहे त्यांनी एवढे करावेच : चारही बाजूंना मेखेला बांधलेला, गाठी मारलेला जाड दोर पाण्यापर्यंत सोडावा, जुने टायर दोराला बांधून पायऱ्या कराव्यात, हवा भरलेली एक ट्यूब काठावर ठेवावी आणि कुंपणाला फाटक लावावे. दोराचा खर्च एका खताच्या पोत्याएवढाही नाही. पोरांना एकटे पाठवू नये आणि कोणी पडले तर मागोमाग उडी न मारता आधी दोर फेकावा.

तळ्यांचा तोडणी कार्यक्रम

आपण ऊस कसा तोडतो? लागणीची तारीख आणि पक्वता पाहून क्रम लावतो. ज्या फडाचे पाणी तुटत आले आहे, त्याची अडचण आधी पाहतो. तद्वत तळ्यांचाही कार्यक्रम लावावा :

माघाचा उत्तरार्ध : शेततळी व उथळ पाझर तलाव, भर दुपारी, उन्हाच्या काठाला.

फाल्गुन : गावतळी, बंधारे, डोह. आटत आलेल्या तळ्यातले मासे ठेकेदार संस्थेने याच महिन्यात काढून घ्यावेत.

चैत्रापासून : मध्यम व मोठे प्रकल्प, सकाळ-संध्याकाळ, परवानगीने.

या क्रमाचा दुसरा लाभ असा की जे पाणी आटणारच आहे त्यातला मासा आपल्या ताटात येतो, आणि जे टिकणार आहे त्यातला मासा पावसाळ्यापर्यंत राहतो. २०१५-१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण पाहिले आहे. अशा साली लहान तळी लवकर आटतात आणि वेळेवर न काढलेला मासा चिखलात सडतो. त्याचवेळी मोठ्या डोहात राखलेला मासा पुढच्या पावसात ओढ्यांना चढतो. उथळ पाणी आधी, खोल पाणी नंतर, यात हौस आहे, हिशेब आहे आणि पुढच्या वर्षाची तरतूदही आहे.

तरी सर्व सभासदांनी या सूचना ध्यानात घ्याव्यात, घरातील मुलांना वाचून दाखवाव्यात, आणि ज्यांच्या शेततळ्याला अद्याप दोर नाही त्यांनी हा अंक खाली ठेवताच तो बांधून घ्यावा, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी